संत्र्याच्या बागेत मिनी ट्रॅक्टरनं गवत कापताना फांदी अडकते, बुंधा सोलतो, क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे जातो: कुठून तपासायला लागायचं

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जरी ओळखीची वाटली तरी पुढचं वाचा.

- क्लच पूर्ण दाबला, तरी ट्रॅक्टर हात-दोन हात पुढे ढकलला जातो आणि थेट बुंध्यावर जाऊन थांबतो.
- फांदी ड्रायव्हरच्या तोंडावर येते, तो एका हातानं ती बाजूला सारतो आणि तेवढ्यात स्टीअरिंग झाडाकडे वळतं.
- बुंध्याची साल निघते. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जागेतून डिंक गळायला लागतो.
- गवत कापलं न जाता नुसतं लोळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं.
- शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) दिवसातून दोनदा तुटतो.
- ठिबकची नळी पात्यात गुंडाळली जाते.
- तासाभरात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढतो.
- गादीवाफ्याच्या कडेला एक चाक चढलं की ट्रॅक्टर कलतो आणि पोटात गोळा येतो.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यातला. स्वतःची चार एकर संत्रा आहे, आणि पाऊस लागला की आजूबाजूच्या गावांत भाड्यानं गवत कापून देतो. ट्रॅक्टर चोवीस एचपीचा, मागे कधी स्लॅशर (आडव्या फिरत्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र), कधी मल्चर (गवत बारीक चिरून जागेवर टाकणारं यंत्र). अकरा हंगाम झाले, आणि दर हंगामात लोक याच आठ तक्रारी घेऊन येतात. तक्रारी आठ असल्या तरी मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: झाडाखालचा शेवटचा दीड फूट ट्रॅक्टरनंच कापायचा हट्ट.

हिशेब करून बघा. आपल्याकडे जुन्या बागा १८ बाय १८ फुटांवर. आठ-दहा वर्षांच्या झाडाच्या फांद्यांचा पसारा सहज चौदा फूट रुंद होतो. मग दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा उरली चार फूट, आणि ट्रॅक्टरची रुंदीच साडेतीन-चार फूट. म्हणजे तुम्ही कितीही सरळ चालवा, अंग घासणारच. रोटर (माती उलथणारं यंत्र) मारून तण काढायची जुनी सवय आम्ही सोडली, कारण संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात आणि रोटर तीच तोडतो. गवत कापून जागेवर टाकणं हे बागेसाठी चांगलंच आहे. पण कापायला झाडाखाली जावं लागतं, आणि तिथून घोटाळे सुरू होतात.

पुढचं सगळं तपासताना एक नियम: इंजिन बंद, किल्ली खिशात, यंत्र जमिनीवर टेकवलेलं. किल्ली ट्रॅक्टरला लावून ठेवायची नाही. पोरगं कधी वर चढून बसेल सांगता येत नाही.

पहिलं: पायी एक फेरी आणि एक बांबू

याला खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथंच संपतात. ट्रॅक्टरवर बसा, ताठ, डोक्यावर टोपी असते तशी ठेवून. दुसऱ्याला बांबू उभा धरायला सांगा आणि डोक्याच्या उंचीवर चुन्याची खूण करा. माझी खूण सहा फुटांच्या आसपास आहे. दुसरी खूण बॉनेटच्या उंचीची. आता तो बांबू घेऊन ओळीतून चालत जा. ज्या फांद्या दोन खुणांच्या मधे येतात त्याच तुमच्या शत्रू, कारण बॉनेट त्यांच्या खालून जातं आणि तुम्ही अडकता. ड्रायव्हरला पुढून वाटतं की जागा आहे. बॉनेट गेलं म्हणून आपणही जाऊ हा भ्रम आहे.

ही फेरी दर वेळी मारायची. जानेवारीत मोजलेली उंची ऑगस्टमध्ये खोटी ठरते. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं भरायला लागली की तीच फांदी फूट-दीड फूट खाली येते.

चालताना हेही बघा: दगड, तारेचा तुकडा, बांबूचे टेकू, सुटलेली ठिबकची नळी, गांधीलमाश्यांचं पोळं. पोळं दिसलं की ती दोन झाडं सोडून द्यायची, मर्दुमकी दाखवायची नाही. नळी बुंध्याकडे सारून तारेच्या आकड्यानं जमिनीला दाबून टाका. गवतात लपलेली विहीर आणि जुना खड्डा यांच्या कडेला काठीला लाल चिंधी बांधा. आमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरी कमी नाहीत.

ट्रॅक्टरला सावलीसाठी छत बसवलं असेल तर बागेत शिरण्याआधी ते उतरवा. वर उभा सायलेन्सर असेल तर तोही फांदीत अडकतो आणि पानं भाजतो. खालून वळवलेला सायलेन्सर मिळतो, बागेसाठी तोच बरा.

दुसरं: वापसा, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकली का

काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत ट्रॅक्टर घालणाऱ्याला मी काही सांगत नाही, तो स्वतःच शिकतो. मूठभर माती दाबा, लाडू झाला आणि बोटांना चिकटला तर घरी जा. ओल्या वाफ्याच्या कडेवरून चाक घसरतं, ते नेहमी खालच्या बाजूला, आणि मागचं यंत्र झाडाकडे झोकांडी खातं. बुंधे सोलण्याच्या कितीतरी प्रकरणांत ड्रायव्हरचा दोष नव्हता, घाई मालकाची होती.

चाकांची हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, तेही इथंच बघून घ्या. एका चाकात हवा कमी असेल तर यंत्र एकीकडे खाली बसतं, एका बाजूला माती खरवडतं आणि दुसऱ्या बाजूला गवत सोडतं.

तिसरं: गवत लोळत असेल तर आधी पात्याला दोष देऊ नका

डिझेल वाचवायला ड्रायव्हर थ्रॉटल कमी ठेवतो. पीटीओला (ट्रॅक्टरमागचा, यंत्राला फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेरे मिळायला इंजिन किती आरपीएमवर पाहिजे, याची खूण बहुतेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर असते, नसेल तर पुस्तिकेत असते. त्याच्या खाली चालवलं की पातं गवताला कापत नाही, ढकलतं. कमी आरपीएम आणि वरचा गिअर ही जोडी उलटी करा: आरपीएम पूर्ण, गिअर खालचा. काही ट्रॅक्टरांत ५४० इकॉनॉमीचा वेगळा लिव्हर असतो. तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांत ५४० देतो, पण कमरेएवढ्या गवतात इंजिनाची ताकद कमी पडते. दाट गवतात साधं ५४० लावा.

मग उंची. यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या किंवा मागचा रोलर असा लावा की पातं जमिनीपासून तीन बोटं तरी वर राहील. अगदी खाली लावलं की लव्हाळा मरतो असं काही लोकांना वाटतं. लव्हाळा गाठींतून पुन्हा येतो, तुमची पाती मात्र दगडावर घासून बोथट होतात, आणि उडालेला दगड कुणाच्या डोक्यात बसेल याचा नेम नाही. मागचा रबरी पडदा किंवा साखळ्या काढून टाकलेली यंत्रं मी पाहतो. ती परत बसवा. माझा स्वतःचा नियम शंभर मीटरचा: त्याच्या आत माणूस किंवा ढोर दिसलं की पीटीओ बंद.

एवढं करूनही लोळत असेल तर पाती बघा. यंत्राखाली हात घालायचा तर ते उचलून नुसतं हायड्रॉलिकवर ठेवायचं नाही. खाली लाकडाचे ओंडके द्या, मगच वाका. पातं बोथट असेल तर धार लावा, तुटलं असेल तर बदला, आणि बदलताना समोरासमोरची जोडी बदला. एक नवं आणि एक झिजलेलं असलं की वजन असमान होतं, यंत्र थरथरतं, आणि ती थरथर आधी बोल्ट ढिले करते, मग बेअरिंग खाते.

चौथं: जाळी आणि सायलेन्सर

काटा वर चढतो म्हणून लोक आधी मेकॅनिककडे धावतात. रेडिएटरच्या पुढची जाळी बघा. गाजरगवताचं फूल आणि कुंद्याचं कुसळ यांचा तिथं जाडसर थर बसतो. हाताच्या झाडूनं झाडलं की काटा खाली येतो. दर दोन तासांनी थांबून झाडा, आणि त्याच वेळी सायलेन्सरभोवतीचं वाळकं गवतही काढा. दिवाळीनंतरच्या वाळक्या गवतात आग लागायला तेवढं पुरतं.

पाचवं: शिअर बोल्ट

यात माझी स्वतःची चूक सांगतो. तिसऱ्या हंगामात बोल्ट सारखा तुटायचा म्हणून वैतागून मी वर्कशॉपमधून कडक पोलादाचा बोल्ट आणून ठोकला. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी जमिनीतून वर आलेल्या जुन्या खुंटावर पातं आदळलं. बोल्ट शाबूत राहिला आणि गिअर बॉक्समधल्या पिनियनचे दात गेले. पंधरा रुपयांच्या बोल्टनं मरायचं असतं, म्हणजे हजारोंचा गिअर बॉक्स जगतो. पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचा आणि जाडीचाच बोल्ट वापरा, आणि डब्यात दहा घेऊन फिरा.

योग्य बोल्टही सारखा तुटत असेल तर खुंट-दगड शोधा, नाहीतर तुम्ही यंत्र गवतात टेकवलेलं असताना पीटीओ जोडताय का ते आठवा. इंजिन हळू असताना, यंत्र जमिनीपासून जेमतेम उचलून पीटीओ जोडायचा, मग हळूहळू आरपीएम वाढवायचा, मग गवतात शिरायचं. यंत्र फार वर उचलून फिरवलं की पीटीओ आणि यंत्र जोडणारा शाफ्ट तिरपा होतो आणि क्रॉस (शाफ्टचा सांधा) खडखडतो.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर काम तिथंच थांबवा. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. दुपट्ट्याचं टोक अडकलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. आमच्या ड्रायव्हरला मी दुपट्टा डोक्याला घट्ट बांधायला लावतो, गळ्यात लोंबता चालत नाही.

सहावं: क्लच दाबूनही पुढे जाणारा ट्रॅक्टर

याच्यावर थोडा वेळ थांबतो, कारण हे समजत नाही तोवर माणूस ड्रायव्हरवरच ओरडत राहतो. मीही ओरडलो. चौथ्या हंगामात एका बागेत ओळीच्या शेवटी आमच्या पोरानं क्लच दाबला, ट्रॅक्टर तरीही सरकला आणि बंपर बुंध्याला घासून वीतभर साल उतरली. "म्या किलच दाबला होता न, भाऊ!" तो शपथा घेत होता. मला वाटलं, थाप मारतोय. मग मी स्वतः बसलो, मोकळ्या जागेत तसंच केलं, आणि ट्रॅक्टर मलाही घेऊन पुढे गेला.

कारण असं. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि चाकं गिअर बॉक्सच्या आत एकमेकांना जोडलेलीच राहतात. स्लॅशरची जड थाळी वेगात असते, ती लगेच थांबत नाही. ती फिरता फिरता शाफ्टला फिरवते, शाफ्ट गिअर बॉक्सला, आणि गिअरमध्ये असलेली चाकं पुढे जातात. म्हणजे उलटा कारभार: यंत्र ट्रॅक्टरला ढकलतं. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात हा त्रास होत नाही, कारण तिथं पीटीओचा रस्ता वेगळा असतो.

फुकटचा उपाय आधी: क्लच दाबताच ब्रेक, आणि लगेच गिअर न्यूट्रल. हे हाताला वळण लागेपर्यंत मोकळ्या रानात दहा वेळा करून घ्या. ब्रेकचे दोन पेडल असतात, बागेत वळताना लोक त्यांची कडी सोडून एकाच बाजूचा ब्रेक मारतात. घाईत तोच एक पाय पडला तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी गर्रकन झाडाकडे वळतो. कापणी करताना कडी लावूनच ठेवा.

पक्का उपाय म्हणजे पीटीओवर फ्री-व्हील कपलिंग. सायकलच्या मागच्या चाकाला असतं तेच तत्त्व: इंजिन यंत्राला फिरवू शकतं, यंत्र इंजिनाकडे ताकद परत पाठवू शकत नाही. आधीच बसवलेलं आहे का हे बघायचं असेल तर इंजिन बंद करून, पीटीओ लिव्हर जोडलेला ठेवून, यंत्राकडून शाफ्ट हातानं फिरवा. एका दिशेला सहज फिरला आणि उलट दिशेला अडला तर कपलिंग आहे आणि चालू आहे. दोन्हीकडे अडला तर नाही किंवा गंजून जाम झालंय. नवीन कपलिंग लावलं की जोडणी काही इंच लांब होते, मग शाफ्ट तेवढा कापावा लागतो. तो अंदाजानं कापू नका. यंत्र पूर्ण खाली, पूर्ण वर आणि आडवं असताना तिन्ही वेळा मोजून, लेथवाल्याकडूनच कापून घ्या. लांब राहिला तर यंत्र उचलताना शाफ्ट आतून ठोसतो आणि पीटीओचं बेअरिंग फोडतो. आखूड झाला तर चालू कामात निसटतो.

सातवं: ट्रॅक्टर बाहेर, यंत्र आत

मल्चरच्या पुढच्या फ्रेमवर जोडणीचे कान सरकवायची सोय बऱ्याच यंत्रांत असते. ते सरकवून यंत्र झाडाच्या बाजूला सहा-आठ इंच बाहेर काढा. मग ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध राहतो आणि नुसतं यंत्र फांदीखाली जातं. सरकवल्यावर शाफ्ट फार तिरपा होत नाही ना, ते बघा. वजन एका बाजूला जातं हेही ध्यानात ठेवा. गादीवाफ्यावर झाड वरच्या बाजूला असतं, म्हणून बाहेर आलेली बाजू झाडाकडे असली की वजन चढाकडे राहतं, ते बरोबर. परतीच्या फेरीत यंत्राची तीच बाजू झाडाकडे येईल अशीच ओळ धरा, उताराकडे कधीच नको. आणि झाडाखाली रिव्हर्स घ्यायचा नाही. मान मागे वळवून खाली यंत्राकडे बघणाऱ्या माणसाला डोक्याच्या उंचीवर येणारी फांदी दिसत नाही.

रोलबार (ट्रॅक्टरवरची लोखंडी कमान) असेल तर एक गोष्ट पाठ करा: उभा असेल तर सीटचा पट्टा बांधायचा, दुमडला असेल तर बांधायचा नाही. उभा बार उलटताना जागा राखतो आणि पट्टा तुम्हाला त्या जागेत धरतो. दुमडलेल्या बारसोबत पट्टा बांधला तर तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवतो. फांद्यांपुरता दुमडला तर ओळ संपताच उभा करा. उतारावर किंवा विहिरीजवळ दुमडलेल्या बारनं जायचंच नाही, ती जागा हातानं कापा.

बुंध्याजवळचा उरलेला दीड फूट ट्रॅक्टरनं नाही, ब्रश कटरनं (हातात धरून गवत कापायच्या यंत्रानं) कापायचा, आणि तोही जपून, नायलॉनची दोरीसुद्धा कोवळ्या झाडाची साल उतरवते. मी दोन वर्षांखालच्या झाडांना विळाच लावतो.

आठवं: खालच्या फांद्या

हे सगळ्यात शेवटी, कारण एकदा कापलेली फांदी परत लावता येत नाही. आंबियाची फळं तोडून झाली की, ताणावर सोडण्याआधी (पाणी तोडण्याआधी), जमिनीपासून अडीच फुटांपर्यंतच्या लोंबत्या फांद्या मी काढतो. एकाच वर्षी सगळ्या नाही, दोन हंगामांत. यात ट्रॅक्टरची सोय हा दुय्यम फायदा. जमिनीला टेकलेल्या फळांवर पावसाचे चिखलाचे शिंतोडे उडून फळकूज लागते, ती कमी होते हा खरा.

साल निघालीच तर त्याच दिवशी धारदार चाकूनं कडा साफ करा आणि बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. डिंक्याची बुरशी ओल्या मातीत असतेच, तिला फक्त उघडी जखम पाहिजे असते.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

पीटीओचा लिव्हर काढला तरी शाफ्ट पूर्ण आरपीएमनं फिरतच राहतो, गिअर बॉक्समधून कडकड आवाज येतो, तेलात चकचकीत कण दिसतात: ट्रॅक्टर तिथंच उभा करा, मेकॅनिकला शेतात बोलवा, चालवत नेऊ नका.

उचललेलं यंत्र आपोआप खाली बसत असेल तर हायड्रॉलिकचं काम आहे. पाना घेऊन ते घरी उघडायचं नाही.

ब्रेक एका बाजूला ओढत असेल किंवा स्टीअरिंगला दोन बोटांपेक्षा जास्त ढिलाई असेल तर बागेत शिरायचंच नाही.

रोलबार वाकला किंवा त्याला चीर गेली तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. तो जोडून देईल, रंगही मारून देईल, पण जोडलेला बार उलटण्याचा भार घेईल याची हमी नाही. नवीनच बसवा.

बुंध्याची साल अर्ध्या घेरापेक्षा जास्त गेली असेल किंवा जुन्या जखमेतून डिंक वाहत असेल, तर पेस्टवर भागणार नाही. कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या माणसाला झाड दाखवा.

आणि मोटारपंपाची तार ओळीवर लोंबकळत असेल तर बांबूनं उचलून ट्रॅक्टर काढायचा प्रयत्न कुणी करू नये, वाळका बांबू असला तरी. महावितरणच्या वायरमनला फोन करा. तो येईपर्यंत ती ओळ तशीच राहू द्या, गवत काही पळून जात नाही.